११६ घोडे पुरे झाले

कॅलिफोर्नियात मॉन्टेरे शहराबाहेरच्या टेकड्यांमध्ये लगुना सेका नावाचा ३.६ किलोमीटरचा रेस ट्रॅक आहे. १९५७ साली तो फोर्ट ऑर्ड या लष्करी छावणीच्या जमिनीवर उभा राहिला. त्याचं आठवं वळण, कॉर्कस्क्रू, पहिल्यांदा पाहणाऱ्याला खोटंच वाटतं. रस्ता चढत चढत माथ्यावर येतो, डावीकडे मोडतो, श्वास घ्यायच्या आत उजवीकडे मोडतो आणि एवढ्यात सुमारे १८ मीटर खाली गेलेला असतो. म्हणजे पाच-सहा मजले! वळणात शिरताना पुढचा रस्ता दिसत नाही. बॉनेटच्या पुढे आकाश आणि झाडांचे शेंडे, एवढंच. सराईत चालक एखादं झाड हेरून ठेवतात आणि रस्ता त्याच्याच खाली असणार या भरवशावर गाडी त्या रोखाने सोडतात.

जिथे व्यावसायिक शर्यती होतात त्याच ट्रॅकवर वर्षातले काही दिवस कुणालाही पैसे भरून स्वतःची गाडी पळवता येते. त्याला ट्रॅक डे म्हणतात. ही शर्यत नव्हे. बक्षीस नाही, नंबर नाही, आणि पुढच्याने खिडकीतून हात काढून खूण केल्याशिवाय मागच्याने ओव्हरटेक करायचं नाही. नवख्या माणसाच्या शेजारी प्रशिक्षक बसतो. वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या, दिवसभरात चार-पाच. सॅन होजे, फ्रीमॉन्ट या भागात आपली मराठी माणसं भरपूर आहेत आणि तिथून हा ट्रॅक दीड-दोन तासांवर. तिकडच्या कुणा भाच्याने घरात चांगली गाडी असताना तीस वर्षं जुनी, दोन सीटची, कापडी छपराची गाडी आणून उभी केली आणि घरच्यांनी कपाळाला हात लावला, तर कारण बहुधा हा ट्रॅक असतो.

ती गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. आपल्याकडे माझदा म्हटलं की पुढच्या काचेखाली ‘स्वराज माझदा’ लिहिलेली मिनीबस आठवते. तीच ही जपानी माझदा. १९९० च्या मियाटाला १६०० सीसीचं इंजिन आणि ११६ अश्वशक्ती. आज पुण्याच्या रस्त्यावर सिग्नलला शेजारी थांबलेल्या एखाद्या टर्बो हॅचबॅकमध्येही तेवढी ताकद असते. आणि तरीही अशा दिवशी एक दृश्य हमखास दिसतं. ३४५ अश्वशक्तीची शेव्हरोले कॉर्व्हेट सरळ रस्त्यावर गर्जत निघून जाते, वळण येतं, आणि तिच्या आरशात ही बुटकी गाडी पुन्हा हजर होते. पुढचं वळण, पुन्हा हजर. शेवटी कॉर्व्हेटवाल्याला हात बाहेर काढून वाट द्यावी लागते. दोघंही सारखेच तरबेज असते तर कॉर्व्हेट पुढेच राहिली असती, हे खरं. पण नवख्या हाताला ती ताकद वापरताच येत नाही आणि मियाटाची सगळी वापरता येते. हे का होतं ते समजलं की ट्रॅकसाठी जुनी गाडी कशी निवडायची हा प्रश्न निम्मा सुटतो.

वळणापासून सुरुवात करू. गोल वळणावर गाडीला धरून ठेवतं ते टायर आणि डांबर यांच्यातलं घर्षण. हिशोब मांडला तर कमाल वेग ठरतो तीन गोष्टींवर: वळणाची त्रिज्या, टायरची पकड आणि पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण. समीकरणात गाडीचं वजन दोन्ही बाजूंना येतं आणि कटून जातं. इंजिनाची ताकद तर समीकरणात येतच नाही! ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्या, चांगले टायर घ्या. कमाल वेग निघतो ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. ११६ अश्वशक्तीच्या गाडीला ८० आणि ५०० अश्वशक्तीच्या गाडीलाही ८०. कोट्यवधींची गाडी घेऊन आलेल्या माणसालाही त्या वळणापुरतं तेच घर्षण वाट्याला येतं जे जुन्या गाडीवाल्याला आलेलं असतं.

मग वजन कटून गेलं तर हलकी गाडी सरस का? कारण ते समीकरण शाळेतलं आहे आणि टायर शाळेत शिकलेले नाहीत. लाकडाच्या ठोकळ्याचं घर्षण वजनाच्या सरळ प्रमाणात वाढतं, रबराचं तसं वाढत नाही. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. आता वळणावर काय होतं पाहा. गाडी बाहेरच्या बाजूला कलते, आतल्या दोन चाकांवरचा भार बाहेरच्या दोन चाकांवर जातो. बाहेरच्यांना जेवढी पकड मिळते त्याहून जास्त आतल्यांनी गमावलेली असते. गाडी जितकी जड आणि उंच, तितका हा तोटा मोठा. तो भरून काढायला रुंद टायर लागतात. रुंद टायरला मोठी रिम, मोठ्या रिमला मोठे ब्रेक, आणि या सगळ्याने गाडी आणखी जड होते. एकदा या चक्रात शिरलं की बाहेर पडायची वाट नोटांची असते.

मियाटा या चक्रात शिरलीच नाही. सुरुवातीच्या गाड्यांचं वजन हजार किलोच्या आत. चाकं १४ इंची, टायर १८५ मिलिमीटर रुंदीचे. गाडी आणि चालक मिळून साधारण १०४० किलो धरले आणि टायरमधली हवा ३० पीएसआयच्या आसपास असली, तर एकेका टायरचा जमिनीला टेकलेला भाग जवळपास तळहाताएवढा निघतो. चारही टायरचे मिळून ए-फोर आकाराच्या एका कागदाहून कमी. वळणं, ब्रेक, वेग, कॉर्कस्क्रूची ती उडी, सगळं तेवढ्याशा रबरावर चाललेलं असतं. प्रशिक्षक पहिल्या पाळीत हेच समजावत असतात: रबराकडे पकडीचं ठरावीक भांडवल आहे. त्यातलं काही ब्रेक लावण्यात घातलंत तर वळण्यासाठी तेवढं कमी उरतं. दोन्हींवर एकदम पुरं मागितलंत तर गाडी सरळ जाते किंवा गोल फिरते.

आता ब्रेक. मला सगळ्यात चकित करणारा आकडा इथेच आहे. ताशी १६० वर असलेली ती १०४० किलोची गाडी वळणाआधी ८० वर आणायची आहे. वेग निम्मा झाला, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून तीन चतुर्थांश ऊर्जा तिथल्या तिथे काढून टाकावी लागते. सुमारे ७७० किलोज्यूल. एवढ्या उष्णतेत सव्वादोन लिटर पाण्याला उकळी येते, म्हणजे दहा-बारा जणांच्या चहाचं आधण. घरच्या शेगडीवर याला बराच वेळ लागतो. इथे ब्रेकच्या चार तबकड्या हे काम तीन सेकंदांच्या आत करतात. शक्तीच्या भाषेत मांडलं तर साडेतीनशेहून अधिक अश्वशक्ती. ११६ अश्वशक्तीच्या गाडीला साडेतीनशे अश्वशक्तीचे ब्रेक! गाडीतलं सर्वांत दांडगं यंत्र बॉनेटखाली नसतं, चाकांच्या आत दडलेलं असतं, आणि गाडी बघायला आलेला माणूस त्याच्याबद्दल एक शब्द विचारत नाही. तो विचारतो, पिकअप कसा आहे?

ही उष्णता जाते कुठे? आधी तबकड्यांत आणि पॅडमध्ये, मग तिथून ब्रेक ऑइलमध्ये. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नव्या डॉट-३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. पाणी मुरल्यावर तोच १४० पर्यंत उतरलेला चालतो. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५. रोजच्या रस्त्यावर १४० अंश सहसा गाठले जात नाहीत, म्हणून दोन-तीन वर्षं जुनं ऑइल कुणाच्या लक्षातही येत नाही. ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीत ते उकळतं. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. म्हणून पायाखालचं पेडल मऊ पडतं आणि तळाला टेकतं. गाडी थांबत नाही. ट्रॅकवर जायच्या आधी खर्च करायचा पहिला पैसा कोणता, याचं उत्तर या एका वाक्यात आहे: ताजं, उष्णता झेलणारं ब्रेक ऑइल आणि ट्रॅकला सोसतील असे पॅड. पाळी संपवून आल्यावर हँडब्रेकही ओढत नाहीत. तापलेले पॅड तापलेल्या तबकडीला एकाच जागी चिकटून बसू नयेत म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावतात.

कॉर्व्हेट साधारण १४७० किलोची. प्रत्येक ब्रेकला तिला दीडपटीच्या जवळपास उष्णता जिरवावी लागते, प्रत्येक वळणावर तेवढंच जास्त रबर घासावं लागतं. जुनी कॉर्व्हेट विकत घ्यायला फार महाग नसते, ताकदीच्या मानाने तर स्वस्तच. पण ती चालवणं स्वस्त नसतं. गाडीची किंमत एकदाच द्यायची असते. वजनाची किंमत दर फेरीला.

आता ही हलकी गाडी आली कुठून त्याची गोष्ट. साठ-सत्तरच्या दशकांत ब्रिटनमध्ये एमजी, ट्रायम्फ, लोटस अशा छोट्या, उघड्या, दोन सीटच्या गाड्या बनत. चालवायला गोड, पण तेल गळणाऱ्या आणि पावसाळी दिवशी सुरू न होण्यासाठी प्रसिद्ध. १९८० मध्ये एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर दोन्ही बंद झाल्या. त्याच्या आदल्या वर्षी, १९७९ मध्ये, बॉब हॉल नावाचा अमेरिकी मोटार-पत्रकार माझदाचे संशोधनप्रमुख केनिची यामामोतो यांना भेटला होता. माझदाने पुढे काय बनवावं असं त्यांनी विचारलं तेव्हा हॉलने याच जातीची साधी, स्वस्त, उघडी गाडी सुचवली. गंमत अशी की यामामोतो हे रोटरी इंजिनवाले. जगातल्या बहुतेक कंपन्यांनी नाद सोडला तेव्हा त्यांनी पिस्टन नसलेलं ते विचित्र इंजिन चालवून दाखवलं होतं. अशा माणसाला कुणीतरी अगदी साध्या चार सिलिंडरच्या गाडीचं वेड लावायला गेला, आणि ते लागलं. हॉल पुढे माझदाच्या कॅलिफोर्नियातल्या शाखेत नोकरीला लागला आणि १९८४ मध्ये यामामोतो कंपनीचे अध्यक्ष झाले.

मग माझदाच्या आपल्याच स्टुडिओंमध्ये स्पर्धा लागली. टोकियोच्या मंडळींनी दोन आराखडे आणले: एकात इंजिन पुढे आणि पुढचीच चाकं ओढणारी, दुसऱ्यात इंजिन मध्यभागी. कॅलिफोर्नियाने जुनी ब्रिटिश रीत धरली, इंजिन पुढे आणि मागची चाकं ढकलणारी. कॅलिफोर्निया जिंकलं. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या वर्दिंग इथल्या एका अभियांत्रिकी कंपनीने चालता नमुना बनवला आणि तो सँटा बार्बराच्या रस्त्यांवर, भर दिवसा, लोकांमध्ये फिरवला गेला. लोक गाड्या वळवून त्याच्या मागे लागले. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली, किंमत १३,८०० डॉलर. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. उघड्या छपराच्या, दोन सीटच्या कुठल्याच स्पोर्ट्स कारला एवढा खप मिळालेला नाही.

प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांचं सूत्र होतं की घोडा आणि स्वार एकजीव वाटले पाहिजेत. अशी सूत्रं जाहिरातीत पुष्कळ असतात. इथे मात्र ते लोखंडात उतरलेलं दिसतं. बॅटरी डिक्कीत नेऊन ठेवली, कारण पुढचं वजन मागे हवं होतं. पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं-निम्मं वजन पडतं. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब चौकट आहे. ती दोघांना पक्कं बांधून ठेवते, म्हणून ॲक्सिलरेटरवर पाय ठेवल्याबरोबर मधली रबरं दबण्यात वेळ न जाता गाडी पुढे सरते. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन बाहूंनी धरलेलं. गाडी कलली तरी टायर जमिनीवर नीट टेकलेला राहतो. १९८९ मध्ये या किमतीला हे देणं ही चैन होती. पुढे तिसऱ्या पिढीच्या वेळी अभियंत्यांनी आतल्या आरशातूनही काही ग्रॅम कापले. एका आरशाचे ग्रॅम! पण अशा हजार ठिकाणी कापल्याशिवाय शंभर किलो वाचत नाहीत.

इतकं कौतुक केल्यावर तिचं एक गुपितही सांगायला हवं. तिचं इंजिन मुळात माझदाच्या घरगुती ३२३ मोटारीच्या कुळातलं, आडवं बसवण्यासाठी घडवलेलं. मियाटात ते उभं केलं तेव्हा गरम पाणी बाहेर पडायची वाट मागच्या टोकावरून पुढे आणावी लागली, कारण मागे जागाच नव्हती. परिणामी पाणी पुढच्या सिलिंडरांपाशी नीट फिरतं आणि चालकाच्या पायांजवळचा चौथा सिलिंडर थोडा जास्त तापतो. बाजारात जाऊन भाजी आणायला याने काही फरक पडत नाही. वीस मिनिटं रेडलाइनवर पळवलं की पडतो. म्हणून ट्रॅकवाले पाण्याची वाट पुन्हा मागे वळवून घेतात आणि त्यासाठी तयार किट मिळतात. या गाडीच्या प्रत्येक खोडीवर कुणीतरी आधीच जागून उत्तर शोधून ठेवलेलं आहे, आणि जुनी गाडी घेणाऱ्याला याहून मोठा विमा कुठला मिळणार? अमेरिकेत केवळ या गाड्यांची स्पेक मियाटा नावाची शर्यतच चालते. सगळ्यांना जवळपास सारखीच गाडी, म्हणजे भांडण फक्त चालकांचं. त्यामुळे सुटे भाग आणि ते बसवणारे हात, दोन्हींची ददात नाही.

आता प्रत्यक्ष गाडी बघायला जाऊ. आपल्याकडे विकणारा सांगतो, सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी, इंजिन खोललेलं नाही. अमेरिकेतला सांगतो, वयस्कर मालक, कायम गॅरेजमध्ये, ट्रॅकवर कधी नेली नाही. दोन्हीकडे मान डोलवावी आणि बॉनेट उघडायला सांगावं.

१९९१ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांना क्रँकशाफ्टचं पुढचं नाक आखूड होतं. पुली धरणारा बोल्ट एकदा नीट आवळला गेला नाही की पुली हलू लागते, चावीची खाच झिजते आणि एक दिवस क्रँकशाफ्टच निकामी होतो. हे ओळखायची खूण इतकी सोपी आहे की हसू येतं. टॉर्च घेऊन पुढची पुली पाहायची आणि तिच्यातल्या खाचा मोजायच्या. चार असतील तर आखूड नाक, आठ असतील तर लांब. तीस वर्षं जुन्या यंत्राचं नशीब असं बोटांवर मोजता येतं. चार खाचांची गाडी सोडून द्यावीच असं नाही, कित्येक आजही ठणठणीत आहेत. पण भाव करताना तो मुद्दा तुमच्या बाजूने असतो.

मग पत्रा. मागच्या चाकांच्या अगदी पुढे, दाराखालच्या पट्टीला बोटाने दाबून पाहायचं. कापडी छपरावरचं पाणी दोन बारीक नळ्यांतून खाली जातं. त्यात पाला अडकला की पाणी त्या पट्टीत साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. वर रंगाचा फुगवटा दिसला की आत चाळण झालेली समजावी. कॅलिफोर्नियातल्या गाड्यांना म्हणूनच देशभरातून मागणी असते: पाऊस कमी, रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकत नाहीत. गाडीखाली वाकून लांबीला धावणाऱ्या दोन चौकटीही बघाव्यात. चुकीच्या जागी जॅक लावून त्या चेपलेल्या फार सापडतात. त्याने गाडी बाद होत नाही, पण आधीचा मेकॅनिक कसा होता ते कळतं. डिक्कीत बॅटरीखाली ॲसिडने पत्रा खाल्लाय का, दारं आणि बॉनेट यांच्या फटी दोन्हीकडे सारख्या आहेत का, चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळ आहे का, एवढं बघितलं की बरंच झालं. इंजिन सुरू केल्यावर वरून टकटक ऐकू आली तर घाबरू नये. या इंजिनाच्या टॅपेटची ती जुनी सवय आहे, बहुतेकदा ऑइल बदललं की कमी होते.

टायमिंग बेल्ट साधारण ६०,००० मैलांना बदलायचा. तो तुटला तर बऱ्याच आधुनिक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि सगळं संपतं. सुरुवातीच्या १६०० सीसीच्या मियाटात दोघांमध्ये अंतर राखलेलं आहे. बेल्ट तुटला तर गाडी जागेवर थांबते, टो करून आणायची, नवा बेल्ट घालायचा, पुन्हा पळवायची. एवढी दया दाखवणारी इंजिनं आता दुर्मीळ झाली आहेत.

थोडा ताण पैशाला देता आला तर १९९४ पासूनची १८०० सीसीची गाडी बघावी. ताकद जरा जास्त, ब्रेक मोठे आणि मागचं डिफरन्शियल बरंच दणकट. १९९८ च्या सुमारास आलेल्या दुसऱ्या पिढीत उघडझाप करणारे दिवे गेले, लोक अजून हळहळतात, पण मागे प्लास्टिकऐवजी काच आली आणि गाडी ताठ झाली. चेहऱ्यापायी पहिल्या पिढीचे भाव चढलेत, म्हणून ट्रॅकसाठी घेणाऱ्याने दुसरी घ्यावी असं मला वाटतं. हेल्मेट घातल्यावर दिवे कसे आहेत ते कुणाला दिसतंय!

आणि एक उलटा सल्ला. ‘ट्रॅकवर कधी नेली नाही’ ही जाहिरात वाचून खूश होण्याऐवजी, ज्या गाडीत कुणी आधीच रोल बार, चांगली सीट, पट्टे, पॅड आणि मोठा रेडिएटर बसवलाय ती शोधावी. या सामानावर घातलेले पैसे विकताना पुरते परत मिळत नाहीत, म्हणजे तो तोटा आधीच्या मालकाने सोसलेला असतो. कुणी अर्धवट टर्बो बसवलेला असेल तर मात्र नमस्कार करून निघावं.

बाकीच्या गाड्या? १९९६ ची पोर्शे बॉक्स्टर जुन्या बाजारात मोहात पाडते. पण तिच्या इंजिनाच्या पोटात एका मधल्या शाफ्टचं बेअरिंग आहे. ते गेलं तर इंजिन घेऊन जातं, आणि दुरुस्तीचं बिल पोर्शेच्याच इतमामाचं येतं. होंडाची एस२००० अप्रतिम: दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, तरी २४० अश्वशक्ती आणि ९,००० च्या आसपास फिरणारा काटा. पण तिचे भाव संग्राहकांनी केव्हाच वर नेले. बीएमडब्ल्यूच्या ई-४६ मालिकेत मागच्या सबफ्रेमजवळ पत्र्याला चिरा पडतात. २०१२ मध्ये आलेली टोयोटा ८६ आणि तिची जुळी सुबारू बीआरझेड बाराशे किलोंच्या पुढची, २०० अश्वशक्तीची, पक्क्या छपराची. मियाटाखालोखाल मी तिचंच नाव घेईन.

इथे वाचणाऱ्याला वाटेल, आपल्याला काय त्याचं. माझदाने ही गाडी भारतात विकली नाही आणि तीन वर्षांहून जुनी गाडी बाहेरून आणायला परवानगी नाही. पण वर सांगितलेलं रबर आणि ब्रेकचं गणित सीमाशुल्क मानत नाही. पुण्या-मुंबईची हौशी मंडळी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जातात, तेव्हा जुनी स्विफ्ट किंवा पोलो घेऊन गेलेला माणूस मोठ्या एसयूव्हीवाल्यापेक्षा जास्त फेऱ्या आणि कमी खर्च करून परततो. एक टनाच्या आसपासची गाडी, चांगले टायर, नवं ब्रेक ऑइल. या गाड्यांत पुढच्याच चाकांना ओढायचं आणि वळायचं अशी दोन्ही कामं असल्यामुळे पुढचे टायर लवकर उतरतात, एवढाच फरक. रस्त्याचा विमा मात्र कुठेही ट्रॅकवर चालतो असं गृहीत धरू नये. पॉलिसीची बारीक अक्षरं आधी वाचावीत.

पुन्हा कॅलिफोर्नियात. गाडी घेतली, पुलीच्या खाचा आठ निघाल्या, पट्ट्या कोरड्या, ऑइल नवं. सकाळी ट्रॅकवर तपासणी होते: चाकांचे नट, बॅटरीची पकड, हेल्मेटवरचा शिक्का. लगुना सेकाला आवाजाची मर्यादाही कडक आहे, सायलेन्सर फार मोठ्याने बोलला तर घरी पाठवतात. आणि गाडी उघड्या छपराची असल्यामुळे बऱ्याच आयोजकांची आणखी एक परीक्षा असते. तुम्ही हेल्मेट घालून, पट्टा आवळून सीटवर बसायचं. एक माणूस काठी घेऊन येतो, बहुतेकदा ती खरोखर झाडूची दांडी असते. तिचं एक टोक डोक्यामागच्या रोल बारच्या माथ्यावर आणि दुसरं पुढच्या काचेच्या वरच्या कडेवर ठेवतो. हेल्मेट दांडीच्या खाली राहिलं तर पास, कारण गाडी उलटली तर डोकं जमिनीला लागणार नाही. हेल्मेट दांडीला टेकलं तर नापास. मग गादी काढून सीट खाली बसवा, उंच रोल बार शोधा, किंवा सहा फुटांच्या वर असाल तर हे सगळं सोडा आणि टोयोटा ८६ च्या जाहिराती चाळायला लागा.